आधी आराखडा माग, पैशाचं नंतर बघू

"ताई, नमस्कार. मी २९ वर्षांची आहे. मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा झाल्यावर जवळजवळ सहा वर्षं पॅकेजिंग यंत्रांच्या देखभालीचं काम केलं. बाळंतपणात चौदा महिने घरी होते, पाच महिन्यांपूर्वी पुन्हा कामावर रुजू झाले. एक-दोन वर्षं परदेशात राहून नवी स्वयंचलित यंत्रं शिकावीत अशी फार इच्छा आहे. पदवी नाही म्हणून नेहमीचा नोकरीचा व्हिसा मिळणार नाही, असं सगळे सांगतात. एका एजंटनं अमेरिकेचा जे-१ ट्रेनिंग व्हिसा सुचवला आहे. अठरा महिने एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर काम, वर पगार, आणि 'एकदा आत गेलात की पुढचं कायमचं आम्ही बघू' असं तो म्हणतो. त्यासाठी आत्ताच मोठी रक्कम मागतोय. मैत्रिणीनं एच-३ आणि क्यू नावाचे व्हिसाही ऐकलेत. हे खरं आहे की फसवणूक? नवरा आणि दीड वर्षाची मुलगी बरोबर येऊ शकतील का?"

प्रिय धाकट्या बहिणीस,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. जे-१ व्हिसा शंभर टक्के खरा आहे. एजंट ज्याला जे-१ म्हणतोय, तो मात्र तो व्हिसा नाही. त्याच्या एका वाक्यात दोन गोष्टी नियमाविरुद्ध आहेत: पॅकिंग लाइनवरचं काम आणि कायमचं राहणं. त्यामुळे आज त्याला एक पैसाही देऊ नकोस. पण तुझी इच्छा चुकीची नाही आणि तुझ्यासाठी दारं बंदही नाहीत. पदवीवाल्यांच्या रांगेत उभं राहून तुला ती दिसली नाहीत, एवढंच.

जे-१ कसा चालतो ते आधी समजून घे, म्हणजे एजंटला काय विचारायचं ते तुझं तुलाच सुचेल. १९६१च्या एका कायद्यानुसार अमेरिकेनं सांस्कृतिक आणि शैक्षणिक देवाणघेवाणीचे कार्यक्रम सुरू केले, त्यातलीच 'ट्रेनी' ही एक शाखा. यात तुला बोलावणारा कारखाना हा फक्त यजमान असतो. खरी जबाबदारी स्पॉन्सरची. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेल्या संस्थाच स्पॉन्सर होऊ शकतात आणि त्यांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. डीएस-२०१९ नावाचा फॉर्म स्पॉन्सरच देतो आणि तो हातात असल्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाण्यात अर्थ नसतो. एजंट मधे असूच नये, असंही नाही. पण उमेदवार शोधायला स्पॉन्सरनं बाहेरच्या कुणाची मदत घेतली, तर त्या दोघांत लेखी करार असावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: स्पॉन्सर कोण आणि तुमचा त्यांच्याशी करार कुठे आहे? नाव मिळालं तर यादीत शोध आणि स्पॉन्सरला स्वतः मेल करून एजंटची खातरजमा कर. नाव सांगायला तो टाळाटाळ करू लागला, तर विषय तिथेच संपला.

ट्रेनी होण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, अमेरिकेबाहेरच्या उच्च शिक्षणसंस्थेची पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्यानंतर त्याच क्षेत्रातला किमान एक वर्षाचा अनुभव. दुसरा, शिक्षण काहीही असो, अमेरिकेबाहेर त्याच क्षेत्रात पाच वर्षांचा अनुभव. तुझा डिप्लोमा पहिल्या रस्त्यात बसतो की नाही, यावर स्पॉन्सर तुझ्याशी घोळ घालत बसेल. तू त्यात शिरूच नकोस. तुझ्याकडे सहा वर्षांचा अनुभव आहे, तोच पुढे कर. जुन्या मालकाकडून अनुभवपत्र घेताना त्यात तारखा, यंत्रांचे प्रकार आणि तू नेमकं काय करायचीस ते सगळं लिहून घे. "समाधानकारक सेवा बजावली" एवढ्या एका ओळीच्या पत्राचा इथे काही उपयोग नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा कागद. त्याचं नाव डीएस-७००२, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. कोणत्या टप्प्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, कोणत्या पद्धतीनं आणि शिकलेलं तपासणार कसं, हे त्यात टप्प्याटप्प्यानं लिहिलेलं असतं. त्यावर तू, तुझा यजमान आणि स्पॉन्सर अशा तिघांच्या सह्या होतात. अकुशल काम या कार्यक्रमात चालत नाही. मुलं सांभाळणं, वृद्धांची देखभाल, रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध येणारं काम हेही चालत नाही. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. कायमच्या कामगाराच्या जागी ट्रेनीला उभं करायलाही मनाई आहे. कार्यक्रम आठवड्याला किमान ३२ तासांचा असावा लागतो. मग "पॅकिंग लाइनवर अठरा महिने काम" हे या आराखड्यात कुठल्या टप्प्यावर लिहिणार? लिहिलं तर स्पॉन्सर ते मंजूर करणार नाही. आणि आराखड्यात एक लिहून तिथे दुसरंच करून घेतलं, तर नियम मोडल्याचा फटका तुलाही बसेल.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः ट्रेनी म्हणून गेले होते. आराखडा छान होता, चार टप्प्यांचा. पहिला टप्पा तसाच पार पडला. मग रात्रपाळीतलं कुणीतरी सोडून गेलं आणि "थोडे दिवस सांभाळ" म्हणून मला त्या जागेवर उभं केलं. थोड्या दिवसांचे तीन महिने झाले. मला वाटायचं, यांनी बोलावलंय, जेवणखाण चाललंय, तक्रार कशी करायची? शेवटी मधल्या मूल्यमापनाचा फॉर्म आला. सहा महिन्यांहून मोठ्या कार्यक्रमात मध्यावर आणि शेवटी असं दोनदा मूल्यमापन करावंच लागतं. त्यात मी आराखड्यातल्या दुसऱ्या टप्प्यापुढे सरळ लिहिलं की यातलं काहीही झालेलं नाही. स्पॉन्सरचा फोन दुसऱ्याच आठवड्यात आला आणि मी पुन्हा शिकायच्या जागी गेले. आराखड्याची सही केलेली प्रत माझ्या बॅगेत नसती, तर मी काय दाखवलं असतं? ते तीन महिने मला परत मिळाले नाहीत, याचं वाईट आजही वाटतं. म्हणून तुला इतकं बजावून सांगतेय.

"कायमचं आम्ही बघू" याबद्दल. ट्रेनीची कमाल मुदत १८ महिने आहे, हॉटेल आणि पर्यटनाच्या क्षेत्रात १२. कार्यक्रम संपल्यावर निघायला ३० दिवस मिळतात आणि त्या दिवसांत काम करता येत नाही. पुन्हा ट्रेनी म्हणून जायचं तर मधे किमान दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. व्हिसाच्या मुलाखतीत कायदा असं धरूनच चालतो की समोरचा माणूस कायमचा राहायला निघालाय. तो तसा नाही हे दाखवायची जबाबदारी तुझी. तिथे एजंटनं पढवलेलं काहीही बोललीस, तर हातात येणारा व्हिसाही जाईल. परत येऊन काय करणार आहेस, हे तुला खरोखर माहीत असेल तर ते पाठ करावं लागत नाही.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची आणखी एक वेगळी, जुनी अट लोक अजून घाबरून सांगतात. कौशल्यांच्या एका यादीमुळे ती पूर्वी पुष्कळ भारतीयांना लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि भारत त्यातून वगळला गेला. सरकारी पैशावर गेलेल्यांना मात्र ती अजून लागू शकते. तुझ्या डीएस-२०१९ वर आणि व्हिसावर त्याची नोंद असेल, तेवढी बघून घे.

खर्चाचं थोडक्यात. स्पॉन्सरची फी प्रत्येकाची वेगळी असते. सेविस नावाची सरकारी फी २२० डॉलर आहे आणि व्हिसा अर्जाची फी त्याशिवाय. आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचं संरक्षण त्यात हवं. नवरा आणि मुलगी जे-२ व्हिसावर येऊ शकतात, त्यांचाही विमा लागतो. नवऱ्याला तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. पण ती कमाई तुझ्या खर्चासाठी लागणार आहे, असं त्यात म्हणता येत नाही. परवानगी यायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही महिने एकाच्याच पैशावर चालतील, असा हिशोब धर.

तुझ्या मैत्रिणीनं सांगितलेला एच-३ सुद्धा खरा आहे, आणि फार थोड्या लोकांना माहीत असलेला. त्यात स्पॉन्सर संस्था नसते. प्रशिक्षण देणारी अमेरिकी कंपनी स्वतः आय-१२९ अर्ज करते. मुदत दोन वर्षांपर्यंत. पदवी लागत नाही, नेहमीच्या नोकरीच्या व्हिसासारखी लॉटरी नाही, ट्रेनींच्या संख्येला वार्षिक मर्यादाही नाही. मग सगळे हाच का घेत नाहीत? कारण अटी कडक आहेत. ते प्रशिक्षण तुझ्या देशात मिळत नाही, हे दाखवावं लागतं. ते अमेरिकेबाहेरच्या तुझ्या कामासाठी उपयोगी पडणार, हेही दाखवावं लागतं. नेहमीच्या कामगाराच्या जागी तुला बसवता येत नाही आणि शिकण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढंच उत्पादक काम करता येतं. वेळापत्रक, उद्दिष्टं आणि मूल्यमापन नसलेला गोलगोल कार्यक्रम फेटाळला जातो.

आणि इथे एक गंमतीची अडचण आहे, ती नीट लक्षात घे. जे-१ मध्ये तुझा सहा वर्षांचा अनुभव तुझी ताकद आहे. एच-३ मध्ये तोच आडवा येऊ शकतो, कारण ज्या विषयाचं भरपूर प्रशिक्षण आणि कौशल्य उमेदवाराकडे आधीच आहे, त्याच विषयासाठी एच-३ मिळत नाही. म्हणजे "मला पॅकेजिंग यंत्रांतलं सगळं येतं" असं लिहून एच-३ मागू नये. जुन्या यंत्रांची देखभाल येते, पण अमुक बनावटीची नवी स्वयंचलित प्रणाली येत नाही, आणि ती फक्त बनवणाऱ्याकडेच शिकवतात, अशी मांडणी हवी. ती खरी असेल तरच. तुझ्या कारखान्यानं परदेशी कंपनीची यंत्रं घेतली असतील, तर त्या कंपनीचा प्रशिक्षण विभाग हा तुझा पहिला पत्ता. तुझ्या मालकालाच तुला पाठवण्यात रस असेल, तर अर्ज आणखी भक्कम होतो, कारण परत येऊन तू काय करणार याचं उत्तर त्याच्याच पत्रात असतं. एक मात्र बघ: एच-३ वाल्याबरोबर येणाऱ्या जोडीदाराला काम करता येत नाही. आणि पूर्ण २४ महिने राहिलात, तर एच किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर परत जाण्याआधी सहा महिने बाहेर राहावं लागतं.

(वाचकांत कुणी विशेष मुलांचे शिक्षक असतील, तर त्यांच्यासाठी: एच-३ मध्येच त्या शिक्षणाच्या अनुभवासाठी वेगळी सोय आहे. १८ महिन्यांची, वर्षाला फक्त ५० जणांसाठी.)

क्यू-१ तुझ्या कामाचा नाही. तो १९९०च्या कायद्यानं आला. आपल्या देशाची संस्कृती तिथल्या लोकांसमोर मांडणाऱ्या कामासाठी तो आहे, कमाल १५ महिने, वय किमान १८. मोठ्या थीम पार्कमधल्या देशोदेशींच्या दालनांत काम करणारी तरुण मुलं याच व्हिसावर येत, म्हणून त्याला लोक डिस्नी व्हिसाही म्हणतात. कुटुंबासाठी त्यात वेगळी सोय नाही.

अमेरिकेचा हट्ट नसेल, तर मी तुला ऑस्ट्रेलियाच्या सबक्लास ४०७ कडे बघायला सांगेन. ट्रेनिंग व्हिसा, मुदत दोन वर्षांपर्यंत, कुटुंबाला अर्जात सामील करता येतं. आधी कंपनीनं स्पॉन्सर म्हणून मान्यता घ्यायची, मग तुझ्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव (नॉमिनेशन) सादर करायचा, आणि त्यानंतर तुझा व्हिसा. इंग्रजी कामचलाऊ चालतं. कौशल्य वाढवण्याच्या प्रकारात तुझा व्यवसाय त्यांच्या यादीत असावा लागतो, आणि मागच्या २४ महिन्यांत किमान १२ महिने पूर्णवेळ त्याच व्यवसायात काम किंवा शिक्षण झालेलं असावं लागतं.

या शेवटच्या अटीवर तुझी रजा येते, म्हणून हिशोब मांडू. आज मागे वळून २४ महिने मोजले, तर त्यात १४ महिने रजेचे आणि १० कामाचे. दोनच कमी पडतात, मग दोन महिन्यांनी अर्ज करू, असं वाटेल. पण ती २४ महिन्यांची चौकट पुढे सरकत असते. पुढून एक महिना आत येतो तेव्हा मागून रजेपूर्वीचा एक महिना बाहेर पडतो, आणि बेरीज दहावरच राहते. रजेचे महिने मागून बाहेर पडायला लागले की मगच ती वाढते. तुझ्या बाबतीत बारा भरायला रुजू झाल्यापासून बारा महिने लागतील, म्हणजे आजपासून आणखी सात. तेवढ्या काळात यजमान शोधणं आणि त्याची मान्यता होणं यातलं बरंच उरकता येईल. जे-१ च्या पाच वर्षांच्या अटीत मात्र अशी सरकती चौकट नाही, म्हणून तिथे रजेचा अडथळा नाही.

दुसरं दार जर्मनीचं, आणि ते मला तुझ्यासाठी फार आवडतं. मार्च २०२४ पासून तिथे 'मान्यता भागीदारी' नावाचा परवाना आहे. ज्या देशात शिकलो तिथे मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण, जर्मन भाषा ए-२ (प्राथमिक) पातळीची आणि कंपनीशी करार एवढं असेल, तर आधी कामाला लागायचं आणि शिक्षणाची जर्मन मान्यता तिथे राहून मिळवायची. सगळं मिळून तीन वर्षांपर्यंत. तुझा तीन वर्षांचा डिप्लोमा, ज्याला सगळे "पदवी नाही" म्हणून नाकं मुरडतात, तो इथे मोलाचा आहे. आउसबिल्डुंग हे नाव तू ऐकलं असशील. ते जर्मनीतलं पगारी शिकाऊ शिक्षण, त्याला साधारणपणे बी-१ (मध्यम पातळीचं) जर्मन लागतं आणि ते मुळापासून सुरू होतं. सहा वर्षं काम केलेल्या माणसानं पुन्हा पहिलीत बसावं, असं मला वाटत नाही.

जपानच्या 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसाचा विचार नंतर कर. २०१९ पासूनचा हा व्हिसा पहिल्या पातळीवर एकूण पाच वर्षांपर्यंत मिळतो, पण त्यावर कुटुंब नेता येत नाही, आणि तुझी मुलगी दीड वर्षाची आहे. जपानची एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती तुझ्या एजंटच्या बोलण्याशी जोडलेली आहे. १९९३ मध्ये त्यांनी तांत्रिक प्रशिक्षणार्थींची योजना सुरू केली. शिकून मायदेशी जावं हा हेतू. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ती स्वस्त मजुरांची योजना झाली. प्रशिक्षणार्थीला मालक बदलता येत नव्हता, म्हणून त्रास झाला तरी तो सोसायचा किंवा पळून जायचं. शेवटी २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा कायदा झाला आणि २०२७ मध्ये तिच्या जागी नवी पद्धत येते आहे. 'ट्रेनिंग' हा शब्द कागदावर असला की शिक्षण मिळतंच असं नाही, हे एका अख्ख्या देशाला मान्य करावं लागलं.

ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स आणि ऑस्ट्रेलियाची मेट्स अशा सोडतीच्या योजनाही भारतीय तरुणांसाठी आहेत, दोन्हींत वर्षाला ३,००० जागा. त्यांना पदवी लागते, आणि ब्रिटनच्या योजनेत तर सोबत राहणारं अठराखालचं मूल असलं तरी अर्ज करता येत नाही. तुझ्यासाठी नाहीत, पण तुझ्या तिशीच्या आतल्या पदवीधर भावंडांना जरूर सांग.

तुझ्या जागी मी असते, तर या महिन्यात जर्मनचा वर्ग लावला असता. ए-२ ला थोडे महिने लागतात आणि ती मेहनत कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याच वेळी यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीला मालकामार्फत पत्र लिहिलं असतं. नवऱ्याबरोबर बसून हेही बोलले असते की मुलगी पहिल्या दिवसापासून बरोबर येणार की घर लागल्यावर. तू हा प्रश्न पत्रात सर्वांत शेवटी विचारलास, पण तोच आधी सोडव. जोडीदाराला काम करता येतं की नाही, यावरच कोणता व्हिसा परवडेल हे ठरतं.

एजंटला फोन कर आणि तीनच गोष्टी लेखी माग: स्पॉन्सरचं नाव, यजमान कंपनीचं नाव आणि डीएस-७००२ चा मसुदा. "आधी पैसे भरा, मग कागद" असं उत्तर आलं, तर फोन ठेव. मसुदा आला, तर त्यावरची नावं आणि पत्ते झाकून मला पाठव. प्रत्येक टप्पा मी वाचून त्यात शिकणं किती आणि राबणं किती, ते तुला कळवते.

तुझी,
ताई